नसलेला नवस

पुलगावच्या बाजारात आमचं भांड्यांचं दुकान आहे आणि राहायला आम्ही शेजारच्या नाचणगावात. मधलं अंतर एवढंसं. तरी अकरा वर्षं मी ते पायी कापतोय, आणि तिशीतला धडधाकट माणूस, घरचं दुकान असलेला, रोज रस्त्याच्या कडेनं चालताना दिसला की आमच्याकडच्या लोकांना चैन पडत नाही. गाडी थांबवून विचारतात, "काऊन भाऊ, गाडी बिघडली काय?" एक दिवस हो म्हणता येतं. रोज कोणाची गाडी बिघडते?

खरं कारण चौघांनाच माहीत होतं: मला, आईला, बाबांना आणि धाकट्या बहिणीला. मला मिरगी आहे. डॉक्टर तिला अपस्मार म्हणतात, बाबा 'तो त्रास' म्हणतात, आणि आई काहीच म्हणत नाही, नुसती देवघराकडे बघते.

एकोणिसाव्या वर्षी एका सकाळी अंगणातल्या टाक्याजवळ दात घासता घासता मी पडलो. मला त्यातलं काही आठवत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा नाकाशी फोडलेला कांदा होता, जीभ चावली गेली होती आणि डोकं बहिणीच्या मांडीवर होतं. ती तेरा वर्षांची. आई कांदा आणायला आत पळाली, बाबा नुसत्या हाका मारत राहिले, आणि या पोरीनं माझं डोकं टाक्याच्या काठावर आपटू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून ठेवलं. तिची मनगटं सोलली होती. पुढे कितीतरी दिवस मी दात घासायला गेलो की ती उगाच अंगणात घुटमळायची, आणि मी तिच्यावर खेकसायचो.

वर्ध्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, सकाळी आठची आणि संध्याकाळी आठची. गोळी चुकवायची नाही, झोप मोडायची नाही, उपाशी राहायचं नाही, आणि ते सांगेपर्यंत गाडीच्या हँडलला हात लावायचा नाही. किती दिवस, असं मी विचारलं. ते म्हणाले, बघू. ते अजून बघतायत. गोळ्यांनी मोठे झटके जवळजवळ थांबले, वर्ष-दोन वर्षांत एखादा येतो. पण झोप कमी झाली की सकाळी हाताला अचानक हिसका बसतो आणि हातातली वस्तू उडते. भांड्यांच्या दुकानात याचं एक बरं आहे. तिथं दिवसभर काही ना काही खणखणत पडतच असतं, कोणी मान वर करून बघत नाही.

डॉक्टरांकडून परत येताना एसटीत आई एवढंच बोलली, "पोट्टीचं लग्न व्हाचं आहे. कोनाले सांगू नको." मी हो म्हणालो. गप्प तर राहायचंय, त्यात काय कठीण, असं तेव्हा वाटलं होतं.

आमच्या दुकानाला लागून एक हार्डवेअरचं दुकान आहे. त्याचा मालक माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, मनाचा मोकळा, आणि त्याच्या कानात पडलेली गोष्ट चहा थंड व्हायच्या आत चौकात पोचते. गिऱ्हाईक नसलं की तो माझ्या गाडी न चालवण्याच्या मागे लागायचा. डोळ्यांचं कारण सांगितलं तर त्यानं नागपूरचा डोळ्यांचा डॉक्टर सुचवला. भीती वाटते म्हटलं तर तो स्वतः मागे बसून शिकवायला निघाला. "आधी तर बापाची गाडी घेऊन गावभर हिंडत होता ना बे! आता काय झालं?" एके दिवशी मला असा वैताग आला की तोंडातून निघून गेलं, "आईचा नवस आहे. गिरडच्या बाबाले बोलली थे. बहिनीचं चांगल्या घरी लग्न होत नाई तोवर मी हँडलले हात नाई लावनार."

त्यानं कपाळाला हात लावला, छातीला लावला, आणि दुकानात निघून गेला.

गिरडच्या टेकडीवरच्या दर्ग्यावर आमच्या जिल्ह्यातली सगळीच माणसं नवस बोलतात, हिंदू काय नि मुसलमान काय. कोणी चपला सोडतं, कोणी भात सोडतं, त्यात मी हँडल सोडलं. नवसापुढे कोणी वाद घालत नाही. दुसऱ्या दिवसापासून रस्त्यात गाड्या थांबायच्या त्या मला बसवून घ्यायला. हार्डवेअरवाला स्वतःच्या पोरांना माझं उदाहरण द्यायचा. 'नवसाचा भाऊ' असं माझं नावच पडलं. मला आधी हसू आलं, मग लाज वाटायला लागली, आणि मग त्या खोट्याची मला सवय झाली. सवय झाली हेच वाईट झालं.

गेल्या वर्षी बहिणीसाठी वर्ध्याला लागूनच्या सिंदी मेघेचं स्थळ आलं. मुलगा वर्ध्याला नोकरीत, गावाकडे थोडी शेती, वडील वारलेले, घरात आई. ती माणसं बघायला आली तेव्हा आमच्या बाजूनं वडीलधारा म्हणून हार्डवेअरवाला बसला होता. पोह्यांच्या बशा यायच्या आधीच त्यानं नवसाची गोष्ट सांगून टाकली, आणि अशी रंगवून सांगितली की माझं मलाच कौतुक वाटलं. मुलाच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या म्हणाल्या, "ज्या घरचा भाऊ बहिनीपायी दहा वर्षं पायी चालते, त्या घरची पोरगी आता पाहाची कायले? पसंत आहे आमाले."

बहीण बशा घेऊन दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी चहाचा कप उचलला, तो बशीवर वाजायला लागला, म्हणून परत ठेवला. तो काही आजार नव्हता. नुसती भीती होती.

लग्न ठरलं. रुखवतातल्या भांड्यांवर नावं टाकायचं काम माझंच. नावं कोरायच्या छोट्या मशीनची सुई थरथरत धातूवर चालते, हात स्थिर लागतो. लग्नघरातली धावपळ, चार दिवस झोपेचे हाल, आणि एका सकाळी बहिणीच्या कळशीवर शेवटचं अक्षर काढताना हाताला हिसका बसला. अक्षरापासून कळशीच्या पोटापर्यंत एक लांब वाकडी रेघ गेली. त्या मापाची दुसरी कळशी दुकानात नव्हती. तशीच दिली. बहिणीच्या सासूबाईंच्या नजरेतून ती सुटणार कशी? दर भेटीत त्यांचं हसत हसत चालायचं, "भांडेवाल्याची पोरगी, अन् तिच्याच कळशीवर रेघ! नाव टाकनारा झोपेत होता काय? बदलून देजो, बापू." देतो, मावशी, म्हणायचं आणि विषय बदलायचा.

लग्न झालं तसा माझा नवसही पुरा झाला, हे माझ्या लक्षात यायच्या आधी बाजाराच्या लक्षात आलं. "आता फेडा नवस, घ्या गाडी." मी उन्हाळा सांगितला, पावसाळा सांगितला, दिवाळीचा सीझन सांगितला. सांगायला आता काय हरकत होती, असं कोणी म्हणेल. बहिणीचं लग्न तर झालं होतं. पण लग्न झालं म्हणूनच तर सांगता येईना. ते नवसाच्या गोष्टीवर झालं होतं. सासूबाई म्हणाल्या असत्या, फसवलं आम्हाला. आणि ते ऐकून घ्यायला तिथं रोज बहीण असणार होती, मी नाही.

शेवटी सासूबाईंनीच मनावर घेतलं. न फेडलेला नवस बहिणीच्या संसाराला बाधतो, घरात पाळणा हलायच्या आत तो फिटला पाहिजे, असं त्यांनी आईला फोनवर ठणकावलं. दिवस त्यांनी ठरवला, भाड्याची मोठी गाडी त्यांनी सांगितली, मलिदा त्या करणार, चादर त्या आणणार. आणि नवस फिटेपर्यंत मी तोंडात पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, हेही त्यांनीच ठरवलं. आईनं फोन ठेवला आणि पदराचं टोक चावत बसली. मी म्हणालो, सांगून टाकू का? ती म्हणाली, "अन् पोट्टीले धाडून देल्लं तं?"

त्या दिवशी पहाटे चारला उठून निघालो. बाबा दुकानासाठी मागे राहिले. मी, आई आणि हार्डवेअरवाला. सिंदी मेघेला बहीण आणि तिच्या सासूबाई गाडीत बसल्या. जावई आपली नवी मोटारसायकल घेऊन पुढे निघाले. ती कशाला, असं मी विचारलं तर सगळे नुसते हसले. सासूबाईंनी पायाशी ती रेघ असलेली कळशी घरचं पाणी भरून ठेवली होती, झाकणाला फडकं बांधून. म्हणाल्या, "आज जाताजाता तुमच्या सोबतच धाडतो इले. रिकामी झाली का घेऊन जाजो दुकानात."

आठ वाजले तेव्हा आम्ही हिंगणघाटच्या पुढे होतो. गोळी माझ्या खिशात कागदाच्या पुडीत होती. सासूबाई अगदी शेजारी. मी खिशात हात घालायचो आणि काढायचो. पुढच्या सीटवरून आईनं मागे वळून पाहिलं, मग घड्याळाकडे पाहिलं. बहीण खिडकीबाहेर बघत होती, पण तिला वेळ माहीत होती, हे मला तिच्या मानेवरून कळत होतं. साडेआठ झाले. नऊ झाले. झोप मोडलेली, पोट रिकामं, गोळी चुकलेली. डॉक्टरांनी जे जे करू नको म्हटलं होतं ते सगळं मी एका सकाळीत करून बसलो होतो, तेही खोट्या नवसासाठी.

टेकडीच्या पायऱ्या चढताना मलिद्याचं ताट माझ्या हातात होतं. अर्ध्यावर हिसका बसला. ताट उडालं नाही, पण मूठभर मलिदा पायरीवर सांडला. सासूबाई म्हणाल्या, "थंडीनं कापून राह्यला बिचारा," आणि वाकून तो मलिदा पदरात गोळा केला. आईचा चेहरा पांढरा पडला होता. वर चादर चढवताना मी दर्ग्यातल्या बाबांकडे काहीच मागितलं नाही. मागायला तोंडच नव्हतं. नुसतं मनात म्हणत होतो, इथं नको, आता नको, हिच्या सासूसमोर नको.

आता पाणी मिळेल, कोपऱ्यात जाऊन गोळी घेऊ, असा हिशेब करत मी उतरलो. पायथ्याशी जावई मोटारसायकल घेऊन उभे होते. हँडलला झेंडूची माळ. सगळ्यांचं आधीच ठरलं होतं. जावयांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "घ्या दादा. पहिला हात माझ्या गाडीला."

मी म्हणालो, सवय मोडली आहे, पडेन. हार्डवेअरवाला म्हणाला, "सायकल अन् गाडी कोनी विसरते काय बे!" मग सासूबाई पुढे आल्या आणि त्यांनी बहिणीला हाताला धरून आणलं. "जिच्यापायी हात नाई लावला, तिलेच पहिले बसवाचं. गावातल्या स्टँडपर्यंत ने तिले. आमी मांगून येतो."

उताराचा रस्ता, एका बाजूला खडी, समोरून एसटी चढत येत होती. मी गाडीवर बसलो. अजूनही वाटत होतं की कोणीतरी अडवेल. आईनं तोंड उघडलं आणि मिटलं. बहीण मागे बसली. तिला सगळं माहीत होतं. पायरीवर सांडलेला मलिदा तिनंही पाहिला होता. नाही म्हणायला तिला एक शब्द पुरला असता, आणि तो शब्द तिनं उच्चारला असता तर तिच्या घरात काय झालं असतं, तेही तिला माहीत होतं. तिनं दोन्ही हात माझ्या कमरेभोवती टाकून बोटांत बोटं गुंतवली आणि माझ्या पाठीशी तोंड नेऊन हळूच म्हणाली, "चाल दादा. मी धरून आहो तुले."

टाक्याजवळची ती सकाळ मला आठवली. तेव्हा तिनं जमिनीवर धरलं होतं. आता ती माझ्यासोबत पडायला तयार होऊन बसली होती. मला तिचा राग आला, आईचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा आला.

मी किल्ली फिरवलीच नाही. काढून जावयांच्या हातात दिली, गाडीवरून उतरलो आणि म्हणालो, "मावशी, पाणी द्या. माझी आठची गोळी राहिली आहे."

"कायची गोळी?"

"मिरगीची."

त्यांनी गाडीतली कळशी खाली घेऊन तिरपी केली. मी ओंजळीत पाणी घेऊन सगळ्यांसमोर गोळी गिळली. अकरा वर्षांत घराबाहेर कोणासमोर घेतलेली ती पहिली गोळी. मग उभ्या उभ्या सगळं सांगितलं. नवस नव्हताच, हेही सांगितलं. मध्ये थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर परत सुरू करता आलं नसतं. जावई माळेतलं एकेक फूल तोडत होते. हार्डवेअरवाला दगडावर बसला. "अन् मी तुले बल्ब लावाले शिडीवर चढवलं होतं रे," तो म्हणाला. "काई झालं असतं तं?" बाजारात सांगायचं काम आता उरलं नव्हतं.

सासूबाईंनी कळशीच्या झाकणाला पुन्हा फडकं बांधलं. मग म्हणाल्या, "बिमारी कोनालेही होते. बाबाच्या नावानं खोटं काऊन बोलला?"

मी गोळीची रिकामी पुडी चुरगाळून खिशात घातली.

"चाल वर. माफी मांग."

त्यांचे गुडघे दुखतात. तरी त्या माझ्यासोबत परत चढल्या, माझ्या एक पायरी मागून. तुम्ही पुढे व्हा, असं मी म्हणालो तर म्हणाल्या, "तूच पुढं राय. गोळी आताच घेतली ना." थोडं चढल्यावर धाप लागली म्हणून त्या थांबल्या. "लग्नाआधी सांगतलं असतं तं मी नाई म्हटलं असतं. बाबाच्या पायरीवर उभी आहो, खोटं नाई बोलत."

"म्हणूनच नाही सांगितलं, मावशी."

"थे समजलं मले." पुन्हा चार पायऱ्या. "कळशीवरची थे रेघ? तवाबी हेच झालं होतं काय?"

मी हो म्हणालो. त्या पदर सावरून पुन्हा चढायला लागल्या. वर त्यांनी डोकं टेकवलं आणि पुष्कळ वेळ उचललं नाही. मी माफी मागितली. ती मिळाली की नाही, हे कळायची सोय नसते.

परतीच्या वाटेला लागलो. जावई कोणाकडे न बघता पुढे निघून गेले होते. आई रडून थकली होती. मला एकच दिसत होतं: सिंदी मेघेला गाडी थांबेल, आणि सासूबाई बहिणीला म्हणतील, तू आता यांच्यासोबतच जा. जसजसं वर्धा जवळ आलं तसा मी मैलाचे दगड मोजायला लागलो. खरं बोललं की हलकं वाटतं म्हणतात. मला तर काही हलकं वाटत नव्हतं. मी माझ्या डोक्यावरचं ओझं उचलून बहिणीच्या डोक्यावर ठेवलं होतं, असं वाटत होतं.

घर आलं. जावयांची गाडी अंगणात लागलेली होती आणि दार आतून लोटलेलं होतं. सासूबाई उतरल्या. बहीण जागची हलली नाही. उतरायचं की नाही, हे तिला कळत नव्हतं, आणि आम्हालाही तिला उतर म्हणायचा धीर होत नव्हता. ती माझ्याकडे बघेना. काहीतरी करायचं म्हणून मी पायाशी पडलेली रिकामी कळशी उचलली आणि दुकानात न्यायच्या पिशवीत घालायला लागलो.

सासूबाई वळल्या. त्यांनी कळशी माझ्या हातातून घेतली, पदरानं पुसली, त्या रेघेवरून एकदा अंगठा फिरवला आणि बहिणीच्या पुढे धरली.

"बदलाची नाई इले," त्या म्हणाल्या. "उतर लवकर, पानी भरून घे. नळ जाते आता."